थर्मल कॅमेरा घेताय? आधी हे पाहून घ्या

तपासणी आणि मेंटेनन्सच्या कामात नव्याने आलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, "कुठला थर्मल कॅमेरा घेऊ?" मी उलट तीन प्रश्न विचारतो. काय बघायचंय? ते केवढं आहे? आणि तुम्ही त्याच्यापासून किती लांब उभे राहणार? या तिन्हींची उत्तरं तयार असली की निम्मी निवड तिथेच होते. नसली तर माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा आणि विक्रेत्याचं बोलणं यांवरच निर्णय होतो, आणि चांगला कॅमेरा भलत्याच कामाला जुंपला जातो.

निवड ज्या क्रमाने करावी त्याच क्रमाने खाली पायऱ्या दिल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या वाटतील, पण त्या गाळू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. थर्मल कॅमेरा तापमान थेट मोजत नाही. पृष्ठभागावरून येणारे अवरक्त किरण तो टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. मेंटेनन्ससाठीचे बहुतेक कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात काम करतात. भिंतीच्या आत, पाइपच्या आत किंवा पॅनेलच्या बंद दाराआड त्यांना दिसत नाही. आतल्या उष्णतेचा परिणाम बाहेरच्या पृष्ठभागावर उमटला तरच तो चित्रात येतो. शिवाय आलेले किरण त्या वस्तूचे स्वतःचे आहेत की दुसऱ्या कशाचे परावर्तित होऊन आलेत, हे कॅमेऱ्याला ओळखता येत नाही. ते तुम्हाला ओळखावं लागतं.

१. काय तपासायचंय त्याची यादी करा

कागद घ्या आणि पुढचं वर्षभर ज्या ज्या गोष्टी तपासायच्या आहेत त्या लिहून काढा. प्रत्येकीपुढे पाच गोष्टी नोंदवा:

- ज्या भागाचं तापमान हवंय त्याचा आकार. पॅनेलचा नाही, त्यातल्या लगचा, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याचा. मोटरचा नाही, तिच्या बेअरिंग हाउसिंगचा.
- सुरक्षितपणे उभं राहता येईल असं कमीत कमी अंतर.
- कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती तापमान अपेक्षित आहे.
- पृष्ठभाग कसा आहे: रंगवलेला, गंजलेला, रबर-प्लास्टिकचा की चकचकीत धातूचा.
- जागा कशी आहे: बंदिस्त की उघडी, ऊन-वारा लागणारी की स्फोटक वायूचा धोका असलेली.

उदाहरण म्हणून तीन नोंदी घेऊ. ब्रेकरच्या टर्मिनलवरचा १५ मिलिमीटरचा लग, अंतर ६० सेंटिमीटर. यार्डातल्या (उघड्यावरच्या सबस्टेशनातल्या) आयसोलेटरचा, म्हणजे लाइन तोडणाऱ्या स्विचचा, ४० मिलिमीटरचा कॉन्टॅक्ट, अंतर १० मीटर. भट्टीचं बाहेरचं कवच, आकार भरपूर मोठा, पण तापमान ३०० अंशांच्या वर. या तिन्हींना एकच कॅमेरा पुरेलच असं नाही, आणि ते आताच कळलेलं बरं. पुढचा हिशेब याच नोंदींवर करू.

२. पिक्सेलचा हिशेब स्वतः करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कॅमेऱ्यावर लिहिलेलं १६० × १२०, ३२० × २४०, ६४० × ४८० हे डिटेक्टरचं, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाचं, रिझोल्यूशन. म्हणजे अनुक्रमे १९,२००, ७६,८०० आणि ३,०७,२०० मापनबिंदू. पण नुसत्या या आकड्यावरून काही ठरत नाही. हे बिंदू किती रुंद दृश्यावर पसरलेत हेही पाहावं लागतं, आणि ते लेन्सवर ठरतं.

एका पिक्सेलच्या वाट्याला येणाऱ्या कोनाला माहितीपत्रकात आयएफओव्ही म्हणतात आणि तो मिलिरेडियनमध्ये देतात. दिलेला नसेल तर असा काढा: लेन्सचा आडवा दृश्यकोन अंशांत घ्या, त्याला १७.४५ ने गुणा आणि आडव्या पिक्सेलच्या संख्येने भागा. २५ अंशांची लेन्स आणि ३२० पिक्सेल असतील तर उत्तर येतं साधारण १.३६ मिलिरेडियन. याचा अर्थ एक मीटरवर एक पिक्सेल १.३६ मिलिमीटर जागा व्यापतो, दहा मीटरवर १३.६ मिलिमीटर.

एवढ्यावर थांबू नका. एका पिक्सेलमध्ये वस्तू दिसते, पण तिचं तापमान खात्रीने मोजता येत नाही. मोजण्यासाठी वस्तूने किमान ३ × ३ पिक्सेल पूर्ण भरले पाहिजेत. म्हणून आलेला आकडा तिप्पट करा. यार्डातल्या कॉन्टॅक्टचा हिशेब मग असा होतो, २५ अंशांची लेन्स आणि १० मीटर अंतर धरून:

- १६० पिक्सेलचा कॅमेरा: मोजता येणारा सर्वांत लहान भाग साधारण ८२ मिलिमीटर
- ३२० पिक्सेल: ४१ मिलिमीटर
- ६४० पिक्सेल: २० मिलिमीटर

आपला कॉन्टॅक्ट ४० मिलिमीटरचा. म्हणजे १६० चा कॅमेरा बाद, ३२० चा अगदी काठावर, ६४० चा निर्धास्त. काठावरचा आकडा मी नापास धरतो, कारण प्रत्यक्ष कामात हात हलतो, कोन तिरका पडतो आणि फोकस दर वेळी अचूक लागत नाही. मात्र ६४० चा कॅमेरा घेणं हा एकच उपाय नाही. ३२० च्या कॅमेऱ्याला १२ अंशांची टेलिफोटो लेन्स लावली की हिशेब पुन्हा २० मिलिमीटरच्या आसपासच येतो. दृश्य अरुंद होतं, पूर्ण बे (यार्डातला एका लाइनीच्या उपकरणांचा गट) एका फोटोत मावत नाही, पण माप बरोबर मिळतं.

आता पॅनेलमधला १५ मिलिमीटरचा लग. ६० सेंटिमीटरवरून १६० पिक्सेल आणि २५ अंश असतील तर साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचा भाग मोजता येतो, म्हणजे काही अडचण नाही. पण लहान, हलक्या कॅमेऱ्यांना बहुधा रुंद लेन्स असते. ८० पिक्सेल आणि ५० अंश असा जोड असेल तर तेवढ्याच अंतरावरून २० मिलिमीटरपेक्षा लहान भाग मोजता येत नाही. लग तापलेला दिसेल, पण स्क्रीनवरचा आकडा खरा नसेल.

वस्तू लहान पडली की आकडा नेहमी पार्श्वभूमीच्या बाजूला सरकतो. गरम क्लॅम्पच्या मागे निरभ्र आकाश असेल तर परिणाम आणखी वाईट, कारण आकाश कॅमेऱ्याला अतिशय थंड, शून्याच्या खूप खाली दिसतं. धोक्याच्या पातळीला पोहोचलेला जोड मग रिपोर्टात ठीकठाक म्हणून जातो. जागेवर हे ओळखायचं साधन सोपं आहे. स्पॉट (स्क्रीनवरची मापाची खूण) त्याच बिंदूवर ठेवून सुरक्षित हद्दीत राहून दोन पावलं पुढे जा. आकडा वाढला तर आधीच्या ठिकाणी स्पॉट भरलेला नव्हता. पुढे सरकूनही आकडा स्थिर राहिला तरच तो लिहा.

या पायरीवर तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली, स्क्रीनचं रिझोल्यूशन. "६४० × ४८० डिस्प्ले" असं ठळक छापलेलं असतं आणि डिटेक्टर १६० × १२० चा असतो. माहितीपत्रकात "डिटेक्टर" किंवा "आयआर रिझोल्यूशन" (आयआर म्हणजे इन्फ्रारेड, अवरक्त) या नावाची ओळ शोधा. ती नसेल तर लेखी विचारा.

दुसरी, सॉफ्टवेअरने वाढवलेलं रिझोल्यूशन. हात किंचित हलल्याने मिळणाऱ्या एकापाठोपाठच्या फ्रेम जोडून पिक्सेल चौपट करण्याची सोय काही कॅमेऱ्यांत असते. तिचा उपयोग आहे, पण स्थिर दृश्यावरच. तुलना करताना मूळ डिटेक्टरचाच आकडा धरा.

तिसरी, डिजिटल झूम. त्याने चित्र मोठं होतं, माहिती वाढत नाही.

लेन्स बदलता येते का, हेही आताच विचारा. बऱ्याच मॉडेलमध्ये नवी लेन्स त्या विशिष्ट कॅमेऱ्याबरोबर कॅलिब्रेट करून घ्यावी लागते, म्हणजे कॅमेरा सर्व्हिस सेंटरला पाठवावा लागतो. टेलिफोटो लागणार हे माहीत असेल तर कॅमेऱ्यासोबतच मागवा.

३. संवेदनशीलता, अचूकता आणि तापमानाची रेंज

एनईटीडी म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारा तापमानातला सर्वांत लहान फरक. तो मिलिकेल्विनमध्ये देतात आणि जितका कमी तितका चांगला. ५० मिलिकेल्विन म्हणजे ०.०५ अंश. विजेच्या कामात दोष सहसा काही अंशांचे असतात, त्यामुळे तिथे या आकड्यापायी फार पैसे घालवू नका. इमारतीतली ओल, इन्सुलेशनमधल्या फटी, हवेची गळती शोधायची असेल तर मात्र ५० किंवा त्याहून कमी हवा. तिथे फरकच इतका बारीक असतो की सिग्नलमध्ये गोंगाट (नॉइज) असलेल्या डिटेक्टरला तो सापडत नाही.

अचूकता बहुतेक कॅमेऱ्यांची सारखीच लिहिलेली असते: अधिक-उणे २ अंश किंवा २ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ५०० अंशांवर याचा अर्थ अधिक-उणे १० अंश. नवख्यांना हे ढिसाळ वाटतं. पण मेंटेनन्समधला मोठा भाग तुलनेचा असतो: एका फेजची दुसऱ्या फेजशी, एका बेअरिंगची जुळ्या बेअरिंगशी. एकाच कॅमेऱ्याने, एकाच वेळी, सारख्या पृष्ठभागांवर घेतलेल्या दोन मापांत ही चूक दोन्हीकडे जवळपास सारखीच येते, आणि फरक भरवशाचा राहतो.

रेंजच्या बाबतीत भट्टी, बॉयलर, एक्झॉस्ट यादीत असतील तर सावध राहा. बऱ्याच कॅमेऱ्यांची खालची रेंज उणे २० पासून १२० किंवा १५० अंशांपर्यंत असते आणि वरच्यासाठी वेगळी रेंज निवडावी लागते. वस्तू रेंजच्या बाहेर गेली तर तो भाग फोटोत नुसता पांढरा पडतो आणि नंतर दुरुस्त करता येत नाही. ज्वाळांच्या पलीकडच्या नळ्या पाहायच्या असतील तर नेहमीचा कॅमेरा उपयोगाचा नाही. त्यासाठी ३.९ मायक्रोमीटरच्या आसपासचा फिल्टर असलेले वेगळे कॅमेरे असतात.

४. कामाप्रमाणे किमान गरज

*विजेची पॅनेल, मोटरी, पंप:* १६० × १२० पासून काम चालतं. रोज वापरणार असाल तर माझा कौल ३२० × २४० ला आणि हाताने फोकस करता येणाऱ्या कॅमेऱ्याला.

*यार्ड, ओव्हरहेड लाइनी, उंचावरची डक्ट:* वरचा हिशेब करा. टेलिफोटो किंवा ६४० शिवाय भागणार नाही.

*सोलर पॅनेल:* आयईसी ६२४४६-३ या मानकानुसार पॅनेलच्या पृष्ठभागावर किमान ६०० वॅट प्रति चौरस मीटर एवढं ऊन हवं आणि प्रत्येक सेलवर किमान ५ × ५ पिक्सेल पडले पाहिजेत. सेल साधारण १५६ मिलिमीटरचा धरला तर एक पिक्सेल तीन सेंटिमीटरच्या आसपास येतो. २५ अंशांच्या ३२० कॅमेऱ्याने म्हणजे साधारण २२ मीटरपर्यंतच. काचेवर फार तिरकस कोनातून पाहिलं तर आकाशाचं आणि शेजारच्या इमारतींचं प्रतिबिंब मोजलं जातं.

*इमारती:* रुंद लेन्स, कमी एनईटीडी. इन्सुलेशन पाहताना आत-बाहेर १० अंशांचा फरक असावा असा संकेत आहे. ओल शोधताना लक्षात ठेवा की बाष्पीभवनामुळे ओला भाग थंड दिसतो, आणि इन्सुलेशन नसलेला भागही थंड दिसू शकतो. म्हणून सोबत ओल मोजायचा मीटर असलाच पाहिजे. नुसत्या फोटोवरून "इथे गळती आहे" असं लिहून देऊ नका.

*वायुगळती:* साध्या थर्मल कॅमेऱ्यात मिथेन किंवा एसएफ६ (विजेच्या स्विचगिअरमध्ये भरतात तो वायू) दिसत नाही. त्या त्या वायूच्या शोषणपट्ट्याला जुळवलेले कॅमेरे वेगळे असतात.

मोबाइलला जोडायचे छोटे कॅमेरे जवळून झटपट पाहायला चांगले. फेरी मारताना खिशात असावेत. रिपोर्टवर सही करायची असेल, तर मात्र पायरी २ चा हिशेब त्यांनाही लावा.

५. फोकस, फ्रेम रेट आणि फाइल

फोटो काढल्यानंतर तीन गोष्टी सुधारता येत नाहीत: फोकस, निवडलेली रेंज, आणि तुम्ही कुठून, कुठल्या कोनातून फोटो घेतला ते. बाकी एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःहून किती उत्सर्जन करतो तो आकडा, पायरी ६ पाहा), परावर्तित तापमान (आजूबाजूच्या ज्या गोष्टींचे किरण वस्तूवरून परावर्तित होतात त्यांचं तापमान), रंगांची पॅलेट, स्केल हे सगळं नंतर बदलता येतं, पण एका अटीवर: फाइल रेडिओमेट्रिक असली पाहिजे. म्हणजे तिच्यात प्रत्येक पिक्सेलचं माप साठवलेलं असलं पाहिजे. नुसतं रंगीत चित्र साठवणारा कॅमेरा तपासणीच्या कामाला घेऊ नका. या एका मुद्द्यावर मी तडजोड करत नाही.

फोकस बिघडला की चित्र धूसर होतं आणि तापमानही कमी दाखवलं जातं, कारण गरम बिंदूची ऊर्जा शेजारच्या पिक्सेलवर सांडते. स्थिर फोकसचे कॅमेरे जवळच्या कामाला ठीक. अंतरं बदलती असतील तर हाताने फिरवायची रिंग किंवा लेझरच्या आधारे चालणारा ऑटोफोकस घ्या. साधा ऑटोफोकस पुढची जाळी किंवा वायर पकडून बसतो आणि मागचा जोड धूसर राहतो.

फ्रेम रेट ९ हर्ट्झ किंवा त्याहून कमी असणारे कॅमेरे बाजारात भरपूर दिसतात, कारण जास्त वेगाच्या कॅमेऱ्यांवर निर्यातीचे निर्बंध अधिक कडक आहेत. उभ्या पॅनेलसाठी ९ पुरेसा आहे. फिरती यंत्रं, कन्व्हेयर, चालत्या गाडीतून तपासणी यांसाठी ३० किंवा ६० घ्या.

६. चकचकीत धातूबद्दल आधीच समजून घ्या

कॅमेरा कितीही महाग असो, इथे त्याचं काही चालत नाही. पृष्ठभाग स्वतःहून किती चांगलं उत्सर्जन करतो ते एमिसिव्हिटीचा आकडा सांगतो. रंग, रबर, काँक्रीट, विजेची टेप यांचा ०.९ ते ०.९५. पॉलिश केलेल्या तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ०.०५ च्या आसपास.

समजा चकचकीत तांब्याचा बसबार (वीज वाहून नेणारी पट्टी) ९० अंशांवर आहे, खोलीतल्या भिंती ३० वर आहेत आणि कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी ०.९५ ठेवलेली आहे. स्क्रीनवर दिसेल ३५ च्या आसपास. हात लावला तर भाजेल अशी वस्तू फोटोत निवांत निळी दिसते. एमिसिव्हिटी ०.०५ वर आणून हे सुटत नाही, कारण इतक्या खाली आकड्यातली बारीकशी चूक मापात प्रचंड मोठी होते. ०.६ च्या खाली मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही, फक्त पॅटर्न बघतो.

व्यवहारातले उपाय: जोडाला लागून असलेल्या इन्सुलेशनवर माप घ्या. बोल्टचं भोक, दोन पट्ट्यांमधली खाच अशा खोलगट जागा शोधा, तिथे एमिसिव्हिटी जास्त असते. पुढच्या शटडाऊनमध्ये, सप्लाय बंद आणि अर्थ केलेला असताना, मोजायच्या ठिकाणी मॅट रंगाचा ठिपका किंवा योग्य टेप लावून घ्या. चालू यंत्रणेवर असं काहीही चिकटवायला जाऊ नका.

कॅमेरा निवडताना पाहायचं ते एवढं: एमिसिव्हिटी ०.०१ च्या टप्प्याने बदलता येते का, आणि परावर्तित तापमान टाकता येतं का. "मॅट, अर्धमॅट, चकचकीत" एवढेच पर्याय देणारा कॅमेरा पुढे अपुरा पडतो.

काच आणि ॲक्रिलिकचाही विसर पडू देऊ नका. दोन्ही पदार्थ या पट्ट्यात अपारदर्शक आहेत. पॅनेलच्या खिडकीतून आतला ब्रेकर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, कॅमेऱ्याला मात्र काचेचंच तापमान दिसतं. दार न उघडता तपासायचं असेल तर खास आयआर विंडो (अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या खिडक्या) बसवाव्या लागतात, आणि मग विंडोचं ट्रान्समिशन, म्हणजे ती किती किरण पार जाऊ देते तो आकडा, टाकायची सोय कॅमेऱ्यात हवी.

७. हातात घेऊन बघायच्या गोष्टी

ग्लोव्ह घातलेल्या हाताने बटणं दाबली जातात का? उन्हात स्क्रीन वाचता येते का? बॅटरी काढून दुसरी घालता येते का? धूळ-पाण्यासाठी आयपी ५४ आणि दोन मीटरवरून पडण्याची चाचणी हे कारखान्याच्या वापरासाठी रास्त मानतात. स्फोटक वायूच्या क्षेत्रात नेणार असाल तर त्या झोनसाठी प्रमाणित मॉडेलच लागतं. साधा कॅमेरा तिथे नेणं जिवावर बेतू शकतं. थर्मल चित्रावर दृश्य फोटोच्या कडा बसवण्याची सोय जरूर घ्या, कारण त्यामुळे फोटोतला ब्रेकर क्रमांक वाचता येतो आणि रिपोर्ट लिहिताना तासन्‌तास वाचतात.

८. डेमो आपल्या यंत्रांवर घ्या

विक्रेत्याच्या टेबलावर गरम कप दाखवून कुठलाही कॅमेरा छान दिसतो. डेमो तुमच्या यार्डात, तुमच्या पॅनेलसमोर मागा आणि पुढची कामं स्वतःच्या हाताने करा.

कॅमेरा चालू करून दहा-पंधरा मिनिटं स्थिरावू द्या. मधूनमधून टिक असा आवाज येईल. आतलं शटर डिटेक्टर जुळवून घेतं त्याचा तो आवाज, त्यात बिघाड नाही. मग यादीतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात लांबची वस्तू मोजा, आणि वर सांगितल्याप्रमाणे पुढे सरकून आकडा वाढतो का ते पाहा. बर्फाचा चुरा आणि पाणी ढवळून ठेवा, एमिसिव्हिटी ०.९६ करून त्याच्या पृष्ठभागावर स्पॉट ठेवा. शून्याच्या आसपास, दिलेल्या अचूकतेच्या आत आकडा आला पाहिजे. शेवटी काढलेले फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडा, एमिसिव्हिटी बदला, एका पानाचा रिपोर्ट बनवा.

सॉफ्टवेअरची ही शेवटची चाचणी बहुतेक जण विसरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे की दर वर्षी वर्गणी आहे, वर्गणी संपल्यावर जुने फोटो उघडतात का, तापमानांचा तक्ता एक्सेलमध्ये काढता येतो का, इंटरनेट नसताना चालतं का, हे विचारून घ्या. कॅमेरा बरीच वर्षं टिकतो, आणि जुन्या फोटोंशी तुलना करता आली नाही तर त्या वर्षांचा निम्मा उपयोग वाया जातो.

९. घेताना मागायची कागदपत्रं

- कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. त्यावर तुमच्या कॅमेऱ्याचा आणि प्रत्येक लेन्सचा सीरियल नंबर, तपासलेले तापमानाचे बिंदू, मापनातली अनिश्चितता आणि तारीख असली पाहिजे. "फॅक्टरी टेस्टेड" असा शिक्का म्हणजे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नव्हे.
- वॉरंटीपत्र. डिटेक्टरची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा वेगवेगळ्या मुदतीच्या असतात.
- पुढच्या कॅलिब्रेशनचा खर्च आणि कॅमेरा किती दिवस अडकेल याचं लेखी उत्तर. कॅलिब्रेशन साधारण वर्षातून एकदा करून घेण्याची पद्धत आहे.
- सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि त्याच्या अटी.
- निर्यात-नियंत्रणाखालचं मॉडेल असेल तर अंतिम वापराचं घोषणापत्र आणि परदेशी नेताना लागणाऱ्या परवानगीची माहिती.

कॅमेऱ्यासोबत लागणारी साधनं: क्लॅम्प मीटर, कॉन्टॅक्ट थर्मामीटर, विजेची काळी टेप, चुरगाळून सरळ केलेली ॲल्युमिनियम फॉइल (परावर्तित तापमान काढायला), जादा बॅटरी, आणि पॅनेल उघडायची असतील तर त्या ठिकाणच्या आर्क फ्लॅशच्या (विजेच्या ठिणगीतून होणाऱ्या भडक्याच्या) पातळीला साजेशी सुरक्षासाधनं.

१०. पहिली फेरी

पॅनेल स्वतः उघडू नका. दार अधिकृत इलेक्ट्रिशियनने उघडायचं, तुम्ही हद्दीबाहेरून फोटो घ्यायचा. एकट्याने कधीही जाऊ नका.

फोटो घेण्याआधी लोड मोजा. किमान ४० टक्के लोड असावा असा दंडक पाळला जातो. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे निम्म्या लोडवर तिचा चौथा भागच तयार होतो आणि खराब जोडही निरोगी दिसतो. बाहेरच्या कामात वाराही दोष झाकतो. जोराच्या वाऱ्यात "सगळं ठीक" असा रिपोर्ट देऊ नका.

गरम दिसलं की लगेच "लूज कनेक्शन" लिहू नका, आधी पॅटर्न वाचा. एका बिंदूवर सगळ्यात गरम आणि वायरीवरून पुढे जाताना थंड होत गेलं तर जोडात दोष. वायर पूर्ण लांबीभर सारखीच गरम असेल तर ओव्हरलोड. एकच फेज गरम असेल तर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज तपासा, कदाचित लोडच असमान असेल. न्यूट्रल तापलेली दिसली तर असमान लोडसोबत हार्मोनिक्सचाही (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या जादा लहरींचाही) विचार करा. गरम ठिपका संशयास्पद वाटला तर एक पाऊल बाजूला सरका. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब आहे, आणि पुष्कळदा तुमच्याच अंगाचं.

दुरुस्तीची घाई किती, हे ठरवायला नेटा या विद्युत चाचणी संघटनेचा तक्ता उपयोगी पडतो. सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत १ ते ३ अंशांचा फरक असेल तर दोषाची शक्यता, तपास करा. ४ ते १५ असेल तर बहुधा दोष आहे, सवडीने दुरुस्ती करा. १५ च्या वर गेला तर ताबडतोब. मात्र हे आकडे पूर्ण भरलेल्या स्पॉटवरचे आणि चांगल्या एमिसिव्हिटीच्या पृष्ठभागावरचे असतील तरच तक्ता लावा.

शक्य असेल तर आयएसओ १८४३६-७ ला धरून असलेलं पहिल्या पातळीचं प्रशिक्षण घ्या. कॅमेरा आणि प्रशिक्षण यांत पैसे कमी पडत असतील तर एक पायरी खालचा कॅमेरा घ्या, पण प्रशिक्षण सोडू नका.

पहिल्या फेरीत प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राचा निरोगी अवस्थेतला फोटो घेऊन ठेवा, दोष असो वा नसो. उभं राहायची जागा जमिनीवर खुणेने पक्की करा. फोटोच्या नावात यंत्राचा क्रमांक आणि तारीख घाला. नोंदीत अँपिअरमध्ये लोड, भोवतालचं तापमान, अंतर आणि वापरलेली एमिसिव्हिटी लिहा. पुढच्या फेरीला त्याच खुणेवर उभे राहा आणि त्याच सेटिंगने फोटो घ्या.